सूर्यास्त पाळणाऱ्या पेशी

"काकू, तुमच्या पेशींना मगरिबची वेळ कशी कळते?"

डॉक्टर फरहाना मुल्लांनी हे विचारलं तेव्हा मी दिवसाचं शेवटचं पाणी पीत होते. रमजान चालू होता. मिरजेच्या रुग्णालयातल्या त्यांच्या खोलीत टेबलाच्या कडेला बशीत खजूर झाकून ठेवलेले होते. मगरिबला, म्हणजे सूर्य मावळला की, त्यांचा रोजा सुटायचा, आणि मावळण्याआधी माझं खाणंपिणं बंद व्हायचं. मी पेला खाली ठेवला की त्यांचा उचलायची वेळ जवळ आलेली असे. "आपल्या दोघींची पाळी बदलते बघा," असं त्या हसून म्हणायच्या.

त्या दिवशी मात्र त्या हसल्या नाहीत. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

पडद्यावर माझं पोट होतं. आत चिंचोक्याएवढं एक यंत्र बसवलेलं होतं. सगळे त्याला 'पहारा' म्हणत. आत दडलेल्या कॅन्सरच्या पेशी झोपल्या आहेत की जाग्या, हे तो पहारा दिवसरात्र कळवत असे. झोपलेली पेशी निळा ठिपका, जागी पेशी केशरी. फरहानांनी मागच्या काही आठवड्यांचं चित्र भराभर पुढे सरकवलं. दिवसा ठिपके केशरी होत होते आणि रात्री पुन्हा निळे. केशरी, निळे, केशरी, निळे.

"मला वाटलं, शरीराचं घड्याळ असेल," त्या म्हणाल्या. "पण घड्याळ असतं तर रोज एकाच वेळी झोपल्या असत्या. या रोज किंचित लवकर झोपायला लागल्यात. काल मी इफ्तारच्या वेळा बघत होते. दिवस लहान होतोय, तशी ती वेळही रोज किंचित अलीकडे येते. म्हटलं, बघू तर खरं. दोन्ही रेघा शेजारी शेजारी ठेवल्या. काकू, तुमच्या पेशी सूर्यास्त पाळतात. संध्याकाळी तुम्ही नक्की काय करता?"

"काही नाही हो. सूर्यास्ताच्या आत जेवते. नंतर सकाळपर्यंत काही नाही. पाणीसुद्धा नाही."

"कधीपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून."

"पण आहाराच्या बाईंनी विचारलं होतं तुम्हाला, उपवास करता का. तुम्ही नाही म्हणालात."

"नव्हतेच करत. दशलक्षण पर्वात दरवर्षी करते, पण तुम्ही नको म्हणालात म्हणून यंदा एकही केला नाही. दोन्ही वेळा पोटभर जेवते का विचारलं, जेवते म्हटलं. रात्री न जेवणं हे आम्हा जैनांच्या घरात कुणी उपवासात धरत नाही, डॉक्टर. ते आपलं रोजचंच."

तेवढ्यात बाहेर अजान झाली आणि फरहानांनी एक खजूर तोंडात टाकला. चावता चावता डोक्याला हात लावून म्हणाल्या, "आणि आम्ही औषधाला नावं ठेवत बसलो होतो!"

*

वाचणाऱ्याला नीट कळावं म्हणून जरा मागचं सांगते. मला समजलं तेवढंच सांगते.

स्त्रीच्या बीजकोषाचा कॅन्सर फार मुका असतो. पोट जड वाटतं, थोडं फुगतं, आपण गॅस म्हणून ओवा खातो. माझंही तसंच झालं. पुढे शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, आणि केमोने चमत्कार वाटावा असा गुण दिला. सगळं स्वच्छ. मी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, जाऊन अभिषेक करवला. पण वर्ष उलटलं आणि तो परत आला. परत आला तो पहिल्या औषधाला दाद देईना.

का, ते मला फरहानांनी सांगितलं. गाठीतल्या बहुतेक पेशी उतावळ्या असतात, सारख्या एकीच्या दोन होत सुटतात. केमो नेमकी अशांनाच गाठून मारते. पण त्यांच्यात मोजक्या पेशी वेगळ्या असतात. त्यांना म्हणतात मूळपेशी. त्या पोटातल्या चरबीच्या पदरात शिरून झोपतात. वाढत नाहीत, म्हणून केमोला दिसत नाहीत. एखाद्या पेशीत औषध शिरलंच तरी ती ते उपसून बाहेर टाकते. वादळ सरलं की जागी होते आणि सगळा संसार पुन्हा मांडते. नव्या संसारातल्या पोरी तिचेच धडे गिरवून आलेल्या असतात.

म्हणून हा नवा उपचार निघाला होता. आधी एका औषधाने झोपलेल्या मूळपेशींना उठवायचं, आणि त्या जाग्या असतानाच दुसऱ्या औषधाने घाव घालायचा. उठवणारं औषध पेशीला खोटंच सांगतं, सुगी आली आहे, अन्न भरपूर आहे, ऊठ आणि वाढ. माझ्या पेशींना ते दिवसा पटत होतं. रात्री मात्र शरीर खरं सांगत होतं, अन्न नाही. पेशी औषधापेक्षा शरीरावर जास्त विश्वास ठेवते. एका पेशीच्या दोन व्हायला दिवसाहून जास्त वेळ लागतो. तेवढी सलग जाग आल्याशिवाय घाव लागत नाही, आणि माझ्या पेशी तिन्हीसांजेला पुन्हा पांघरूण ओढत होत्या.

"मग आता?" मी विचारलं.

"दोन वाटा आहेत," फरहाना म्हणाल्या. "एक, तीन आठवडे तुम्ही रात्री जेवायचं. नऊला एकदा, झोपण्याआधी थोडं दूध. मग त्या सलग जाग्या राहतील असं मला वाटतं. आणि खरं सांगते, त्यात धोका आहे. जाग्या झाल्या आणि घाव चुकला तर कॅन्सर आधीपेक्षा वेगाने वाढेल. दुसरी वाट, औषध थांबवायचं. झोपल्यात तर झोपू द्यायच्या. त्या वर्षभर झोपतील, पाच वर्षं झोपतील, की संक्रांतीलाच उठतील, हे मला सांगता येणार नाही. आणि हे औषध शरीर एकदा ओळखीचं करून घेतं, पुन्हा लागू पडत नाही; आताही त्याचे थोडेच दिवस उरलेत. म्हणून येत्या सोमवारपर्यंत मला सांगा."

माझे यजमान अभिनंदन शेजारीच बसले होते. ते सोलर पंपांची दुरुस्ती करतात, त्यामुळे कुठलीही गोष्ट नळीने सुटेल असं त्यांना वाटतं. "रात्री सलाईनमधून साखर दिली तर? तोंड उघडायलाच नको."

"चालली असती तर मीच म्हटलं असतं, काका. पण नळीतली साखर थेट रक्तात जाते. घास आल्याचं आतड्याला कळावं लागतं. मग तेच सगळ्या शरीराला सांगावा धाडतं. तो सांगावा नळीला येत नाही."

*

जयसिंगपूरला परतताना गाडी आपली आपण चालली होती आणि अभिनंदन माझ्याकडे तोंड करून बसले होते.

"म्हणजे कॅन्सरसुद्धा आपल्याच पंथाचा निघाला म्हणायचा."

"अहो, चेष्टा नको."

"चेष्टा कसली? इतकी वर्षं तू मला सांगतेस, रात्री बाहेर खाऊ नका. मी एकदा ऐकलं नाही. आणि त्यांनी बघ, दिसामासात नियम घेतला. आज सकाळी तू कशाचा त्याग केला होतास?"

मी रोज सकाळी एक लहानसा नियम घेते. कधी तूप नाही, कधी गोड नाही. "आज रागाचा," मी म्हटलं.

"मग बोलून घेतो. जेव तू रात्री. मला तू पाहिजेस."

मी त्यांना काय सांगणार होते? हे व्रत मी चातुर्मासाला आमच्या गावी आलेल्या आर्यिका माताजींसमोर, म्हणजे आमच्या साध्वींसमोर, घेतलं होतं. तेव्हापासून बाळंतपणात, प्रवासात, केमोच्या दिवसांतसुद्धा ते सुटलं नव्हतं. पण अडत होतं ते एवढ्यावरच नाही. मला दुसरंच काही टोचत होतं, आणि ते बोलायची लाज वाटत होती. झोपलेल्याला जेवायला वाढून उठवायचं, आणि उठला की मारायचं. माझ्याच अंगातल्या पेशी त्या, माझेच प्राण घेऊ बघणाऱ्या, सगळं खरं. तरी मन धजेना.

दोन दिवस विचार केला. रविवारी सकाळी बस्तीतून आले आणि अभिनंदनना म्हटलं, "राहू दे. झोपल्यात तर झोपू देत. मी आहे तशी समाधानी आहे. डॉक्टरांना उद्या कळवा."

मला वाटलं, चिडतील. एखादी कोटी करतील. त्यांनी हातातला पान्हा जमिनीवर ठेवला आणि नुसतं "बरं" म्हणाले. लग्नानंतर त्यांचं इतकं लहान वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

आमच्या सासूबाई आतल्या खोलीत जप करत होत्या. सगळे त्यांना आव्वा म्हणतात. ऐंशी पार केलेल्या, पाणी गाळल्याशिवाय तोंडाला न लावणाऱ्या. आमच्या घरात सूर्यास्तानंतर शेगडी पेटलेली मी कधी पाहिली नव्हती, ती आव्वांमुळे. त्यांना यातलं काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण फ्लॅटच्या भिंती पातळ. आतून हाक आली.

"अभ्या, इकडं ये जरा."

ते आत गेले. दार लागलं.

*

दुपारी बघते तर अभिनंदन शिडी लावून स्वयंपाकघराच्या खिडकीला बारीक जाळी ठोकत होते.

"हे काय आता?"

"आव्वानं सांगितलंय. डास फार झालेत."

खिडकी झाली, मग झरोका झाला, मग दाराखालची फट झाली. आव्वा खाली स्टुलावर बसून देखरेख करत होत्या. "तिथं कोपऱ्यात बोट जातंय बघ माझं. बोट जातंय तिथनं पाखरू जाईल न्हवं?" मुलगा घामाघूम. संध्याकाळी त्यांनी पांढरा दिवा काढून मंद पिवळा लावला. त्याच्यावर किडे येत नाहीत म्हणे.

आम्ही नेहमीसारखे सूर्यास्ताआधी जेवलो. मी माझ्या खोलीत वाचत बसले. नऊच्या सुमाराला स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली.

मी दचकून उठले. शेगडी पेटली होती. आव्वा ओट्याला धरून उभ्या होत्या आणि मुगाच्या वरणाला फोडणी देत होत्या. टेबलावर एकच ताट मांडलेलं.

"आव्वा!"

"बस."

"मी डॉक्टरांना नको म्हणून सांगणार आहे."

"उद्या सांगणार हायस. आज बस." त्यांनी मऊ भात वाढला. "व्रत कशाला असतं गं हे? सांग बघू."

"रात्री दिव्यावर जीव येतात, अन्नात पडून मरतात. ते पाप नको म्हणून."

"मग आता या घरात एक चिलट आलं असेल तर दाखव मला."

"आव्वा, तेवढ्यानं भागत नाही. मी शब्द दिलाय."

"दिलायस. आणि आज तो मोडायचा हाय." त्या माझ्या समोर बसल्या. "मोडत नाही, सूट हाय, औषधच हाय, असलं काही मी तुला सांगणार नाही. मोडायचा म्हणजे मोडायचा. मग माताजींकडं जाऊन प्रायश्चित्त घे. मोठं घे. पण पोरी, प्रायश्चित्त जित्या माणसालाच घेता येतंय."

मग मी ते टोचणारं बोलून टाकलं. झोपलेल्यांना जेवू घालून मारायचं, ते.

ताटातल्या भातावर आव्वांनी तूप घातलं, पुन्हा थोडं घातलं.

"मला सून पाहिजे," त्या म्हणाल्या. "एवढंच मला कळतंय."

दारात अभिनंदन उभे होते. "आणि एक सांगायचं राहिलं. तुझी जागा रिकामी नको म्हणून आजपासून तीन आठवडे माझा रात्री त्याग. पाण्यासकट."

"तू?" आव्वांनी मान वळवली. "तू कोल्हापूरला पंपाच्या नावाखाली रात्री काय खाऊन येतोस, मला ठाऊक नाही होय?"

"म्हणूनच म्हणतोय. आमच्या घराण्यात कुणाच्या तरी पेशी झोपायला पाहिजेत."

मी हसले आणि हसता हसता रडले. त्या मंद पिवळ्या उजेडात पहिला घास हातात घेतला. घशाशी येऊन तो थांबला. व्रत घेतल्यापासून त्या गळ्याने रात्री कधी काही उतरू दिलं नव्हतं. आव्वांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लहान मुलाला भरवताना म्हणतात तसं म्हणाल्या, "गीळ की."

मी गिळला.

*

पुढचे आठवडे आमच्या घरात रात्री एक बाई जेवत असे, आणि समोर एक भुकेला माणूस बसून तिला वाढत असे. "अजून भात घे. नको काय म्हणतेस, माझ्या वाटणीचा तरी घे." त्यांचं पोट गुरगुरलं की आव्वा जपाची माळ थांबवून म्हणायच्या, "हां, सामायिक चाललंय त्याचं." सामायिक म्हणजे आमचं बसून करायचं ध्यान. सकाळी बस्तीत गेले की मी मात्र मागच्या खांबाशी उभी राहायची, पुढे जायला पाय उचलत नसे. मग कुणी काही न विचारता प्रसन्न हसून जागा करून द्यायचं. त्यांचे उपकार त्यांना माहीतही नाहीत.

एका पहाटे अभिनंदनचा फोन वाजला. फरहाना सहरीसाठी, रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणासाठी, उठल्या होत्या आणि भाकरी तव्यावर टाकून त्यांनी आधी माझा पडदा उघडला होता.

"काका, जाग्या आहेत! रात्रभर जाग्या! एकही झोपलेली नाही!"

अभिनंदन तसेच जिन्यात धावले. "जाग्या झाल्या! सगळ्या जाग्या झाल्या!"

समोरच्या चौगुले वहिनी दार उघडून डोळे चोळत बाहेर आल्या. "अगंबाई, अभिनंदन! मुलगा झाला की मुलगी? कुणाला?"

"कॅन्सर जागा झाला, वहिनी!" असं म्हणून त्यांनी त्यांना पेढा दिला. पेढा त्यांनी आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. चौगुले वहिनी तो हातात धरून किती वेळ उभ्या होत्या, मला सांगता येणार नाही.

मी आत पलंगावर बसले होते. जो जागा होऊ नये म्हणून दोन वर्षं मी झोपेत दचकून उठत होते, तो जागा झाला म्हणून आमच्या घरात आनंद होता. आणि भीतीही होती. आता घाव चुकला तर मागे फिरायला वाट नव्हती.

*

त्याच दिवशी दुपारी मला घाव द्यायचा ठरला. हाताला नळी लावली. पिशवीत दुधी रंगाचं औषध. आव्वा हट्टाने आल्या होत्या आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. फरहानांचा रोजा होता, ओठ कोरडे पडलेले. त्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या. पडदाभर केशरी ठिपके. ते इतके सुंदर दिसतील असं मला वाटलं नव्हतं.

"सुरू करू, काकू?"

"थांबा," मी म्हटलं.

अभिनंदनचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, मी पुन्हा नको म्हणते आहे. फरहानांनी बटणावरचं बोट उचललं.

मी नळीचा हात सांभाळून दोन्ही हात जोडले, पडद्याकडे तोंड केलं. या पेशींनी मला मारायला घेतलं होतं, आणि महिनोन्महिने माझ्याबरोबर सूर्यास्तही पाळला होता. मी उपाशी तर त्या उपाशी. मी खाते आहे यावर विश्वास ठेवून त्या उठल्या होत्या. माझ्या शरीराने त्यांना खरंच तसं सांगितलं होतं.

"उत्तम क्षमा," मी म्हटलं. पर्व संपल्यावर आम्ही एकमेकांना म्हणतो तसं. "मी तुम्हाला फसवून उठवलं. मला जगायचं आहे म्हणून. मला क्षमा करा. माझ्याकडून तुम्हाला आधीच आहे."

आव्वांनी डोळे मिटले होते. फरहाना कोरड्या ओठांनी स्वतःचं काहीतरी पुटपुटत होत्या. आमच्या दोघींचं झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"करा," मी म्हटलं.

औषध उतरायला लागलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एका कोपऱ्यातला ठिपका गेला. निळा झाला नाही, गेला. मग त्याच्या शेजारचा. फरहानांनी पडद्याला जवळजवळ नाक लावलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. संध्याकाळपर्यंत पडदा काळा झाला. त्यानंतर तीन दिवाळ्या होऊन गेल्या. दर दिवाळीनंतर आम्ही तिघं मिरजेला जाऊन तो काळा पडदा बघून येतो, आणि फरहाना दरवेळी आव्वांच्या पाया पडतात.

पण त्या दुपारी अजून सगळे ठिपके गेलेले नव्हते. मी हात जोडूनच बसले होते. डोळ्यांसमोर एकेक केशरी विझत होता, आणि मला तोंड फिरवायचं नव्हतं. नर्स पट्टा घेऊन आली. "काकू, रक्तदाब बघायचाय. हात सोडता का?"

मी एक हात तिला दिला. दुसरा तसाच छातीशी धरून ठेवला, शेवटचा ठिपका जाईपर्यंत.